फॉर्मवर ‘होय’ लिहा

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. शेणव्याच्या थांब्यावर आम्ही तिघे शहापूरच्या एसटीची वाट पाहत उभे होतो. मी, माझी एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचे अब्बा. पाऊस नुकताच थांबला होता. तिच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि एक पिवळ्या पट्टीचे कार्ड होते. एसटी आली, सगळे दाराकडे धावले आणि ती नेहमीप्रमाणे मागे राहिली. गर्दी निवळल्यावर तिने पायाने पायरी चाचपली आणि वर चढली. अनोळखी माणसाला वाटले असते, मुलगी जरा सावकाश आहे, एवढेच.

तिला दिसते, पण फक्त समोरचे. नळीतून पाहावे तसे. डॉक्टर या आजाराला रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. याची सुरुवात बहुधा रातांधळेपणाने होते आणि मग नजरेचा घेर कडेकडेने आक्रसत जातो. समोर धरलेले पुस्तक ती वाचते, पण पायाशी ठेवलेली बादली तिला दिसत नाही. म्हणून लहानपणापासून तिने दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली. धडपडली की “आंधळी आहेस का?” आणि पुस्तक वाचताना दिसली की “हिला तर सगळे दिसते, उगाच नाटक करते.”

कॉलेजच्या ऑफिसात आम्हाला फॉर्म मिळाला. तिचे अब्बा टेम्पो चालवतात, भिवंडीच्या गोदामांतून माल पोचवतात. लिहिण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. नाव, पत्ता, विषय लिहून झाले आणि एक रकाना आला. ‘दिव्यांग आहे का? होय / नाही.’ ते माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, “टीचर, ‘नाही’ लिहा.”

मी विचारले, “का?”

“‘होय’ लिहिले तर घेणार नाहीत. आणि घेतलेच, तरी कागदावर कायमचे राहील. उद्या स्थळ आले तर?”

मुलगी शेजारीच उभी होती. तिला दिसायला कमी, ऐकायला नाही.

माझीही एक चूक

त्या माणसाला दोष द्यायचा मला काय हक्क? मी स्वतः वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवते, बी.एड. केले आहे. तरीही ही मुलगी दहावीत असताना मी काय केले ते आधी सांगते.

तिचे पेपर नेहमी अर्धवट राहायचे. शेवटचे दोन प्रश्न कोरे. जे लिहिलेले असायचे ते इतके नीट, की मला तिचा राग यायचा. मी तिला सांगत राहिले, “वेग वाढव, घड्याळ लावून सराव कर.” ती मान हलवायची. एकेक ओळ शोधत, बोटाने धरून वाचणाऱ्या मुलीला वेग कसा वाढवता येईल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागता येते. त्यासाठी वेळेत प्रमाणपत्र जोडून शाळेने अर्ज करायचा असतो. मी तो करायला लावला नाही. तिला दिसते ना, मग कशाला, असे मलाही वाटले. दहावीला तिला जे गुण पडले, त्यांत माझ्या अज्ञानाचा वाटा आहे. ही गोष्ट मी तिच्या अब्बांना त्याच दिवशी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून सांगितली. शरम वाटली, पण सांगितली.

फॉर्मवर ‘नाही’ लिहिले असते तर तेच पुन्हा झाले असते, एवढेच मला त्यांना पटवायचे होते. ‘नाही’ लिहिल्याने नजर वाढत नाही. फक्त मदतीचे दार आपल्याच हाताने बंद होते.

बारावीनंतर रस्ता अचानक संपतो

हा एका घराचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. देशातल्या या सगळ्यांपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर होते आणि पदवी किंवा त्यापुढे शिकलेले जेमतेम ५ टक्के.

एवढी गळती का होते, त्याचे एक कारण मी शाळेत राहून पाहिले आहे. समग्र शिक्षा अभियानात शाळेपासून बारावीपर्यंत समावेशित शिक्षणाची तरतूद आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक येतात, मुलांची नोंद होते, शिबिरात तपासणी होते, कधी चष्मा, कधी श्रवणयंत्र, कधी व्हीलचेअर मिळते. ही व्यवस्था पुरेशी आहे असे मी म्हणत नाही. पण निदान कुणाच्या तरी यादीत त्या मुलाचे नाव असते. बारावी झाली की ती यादी संपते. कॉलेजात ते मूल हजारातले एक होते आणि आपल्याला काय लागते हे त्याने स्वतः तोंड उघडून सांगावे लागते. ज्याला बारा वर्षे गप्प बसायला शिकवले, त्याने अठराव्या वर्षी अचानक कसे बोलावे?

त्यात आमचा भाग. शहापूर तालुक्यातली भातसा, तानसा ही धरणे मुंबईला पाणी देतात. पाणी मुंबईला सहज पोचते. आमच्या मुलांना मात्र गावातून कॉलेजपर्यंत पोचायलाच अर्धी सकाळ जाते. कसाऱ्याची लोकल आसनगाव, आटगावला थांबते, पण गावापासून स्टेशनपर्यंत एसटी किंवा वडाप. मुरबाड तालुक्यात तर अजून रेल्वेच नाही. धडधाकट मुलगा वडापच्या मागे लटकून जातो. कुबड्या घेतलेल्या मुलाने काय करावे?

‘घरूनच करा ना’

ऑफिसातल्या बाबूंनी आम्हाला एक सल्ला दिला. कॉलेजचे नाव मी लिहीत नाही, कारण हा सल्ला कुठेही ऐकू येतो. ते म्हणाले, “कशाला रोजची धावपळ? मुक्त विद्यापीठातून घरूनच करा ना.” बोलण्यात वाईट हेतू नव्हता, काळजीच होती.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी करणारे, संसारात अडकलेल्या भगिनी, दूरच्या पाड्यांवरची मुले अशा कितीतरी जणांनी तिथून पदवी घेतली. ज्याला ती वाट हवी त्याने जरूर घ्यावी. पण स्वतः वाट निवडणे वेगळे आणि दारातून तिकडे वळवले जाणे वेगळे. कॉलेज म्हणजे फक्त पदवीचा कागद नाही. चार नव्या मैत्रिणी, वर्गात हात वर करून विचारलेला प्रश्न, ग्रंथालय, कँटीनमधला चहा, स्नेहसंमेलन, स्वतःच्या हिमतीने केलेला प्रवास हेही शिक्षणच आहे. आमच्या मुलीने बाबूंना फक्त एवढे विचारले, “सर, इतरांना पण घरूनच करायला सांगता का?” ते हसले आणि फॉर्म पुढे सरकवला.

कायदा काय सांगतो?

आपल्या पालकांना वाटते की प्रवेश म्हणजे कॉलेजने केलेली मेहरबानी. तसे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, चालण्यातली अडचण यांच्याबरोबर डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या व्यक्ती हे सारे त्यात येतात. आपल्या घरातले मूल यात बसते का, हे कितीतरी पालकांना ठाऊकच नसते.

कॉलेजसाठी महत्त्वाचे कलम ३२. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखून ठेवायच्या आहेत. प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सूट आहे. जागेपुरतेच हे थांबत नाही. कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी कल्पना आहे. म्हणजे त्या एका विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीने शिकता यावे म्हणून लागेल तो योग्य बदल करून देणे. वर्ग तळमजल्यावर घेणे, नोट्स वाचता येतील अशा देणे, परीक्षेत जादा वेळ देणे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कॉलेज नॅकच्या मूल्यांकनाला सामोरे जाते तेव्हा रॅम्प, स्वच्छतागृह, लेखनिक, स्क्रीन रीडर अशा सोयी आहेत का, हेही त्याला सांगावे लागते. हा अहवाल बहुधा कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. प्रवेशाआधी तो उघडून वाचा. कॉलेजने स्वतः लिहून दिलेली सोय मागायला संकोच कसला?

रॅम्पचेच घ्या. पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेला चढ म्हणजे रॅम्प नव्हे. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी हे त्याचे माप आहे. दीड फुटाचा ओटा असेल तर अठरा फूट उतार हवा. यापेक्षा उभा चढ व्हीलचेअरला चढत नाही. मग त्याचा उपयोग मोटारसायकली वर घ्यायला होतो आणि त्या तिथेच लावलेल्या दिसतात.

उल्हासनगर ते सीएसटी

तिच्या अब्बांनी मग खरा प्रश्न विचारला, “टीचर, अशी मुलगी शिकून कुठपर्यंत जाणार?” त्यांना उत्तर द्यायला मला लांब जावे लागले नाही. ते आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या. बारावी उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजातून केली, सर्वसाधारण मुलामुलींबरोबर. पदवीसाठी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात प्रवेश घेतला आणि उल्हासनगर ते सीएसटी हा लोकलचा प्रवास त्या करू लागल्या. त्या गर्दीत आपण डोळसही दारात चेंगरतो. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिक्षण झाले. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी केली. २०१५ च्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक आला. पण रेल्वेच्या ज्या सेवेसाठी निवड झाली, तिथे अंधत्वाचे कारण देऊन त्यांना नाकारले गेले. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी केरळात तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी पदाचा कार्यभार घेतला.

अशा कहाण्या सांगताना आपण फक्त जिद्दीचे कौतुक करतो आणि एक गोष्ट विसरतो. जिद्दीला जागा मिळावी लागते. सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ मध्ये दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र संसाधन केंद्र सुरू झाले. त्याची धुरा सांभाळणारे डॉ. सॅम तारापोरवाला हे स्वतः दृष्टिबाधित आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक. पुस्तके स्कॅन करून बोलत्या स्वरूपात आणणे, विद्यार्थ्यांना संगणक शिकवणे आणि जिथे नियम आडवा येईल तिथे नियमाशी लढणे ही कामे या केंद्राने केली. २०१० मध्ये कृतिका पुरोहित या दृष्टिहीन विद्यार्थिनीला फिजिओथेरपीच्या प्रवेशासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा हे केंद्र तिच्या पाठीशी उभे होते. निकाल तिच्या बाजूने लागला. एक मुलगी पुढे गेली आणि मागच्यांसाठी वाट झाली.

प्रश्न बदलला पाहिजे

अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने तर विचारायचा प्रश्नच बदलला. महाराष्ट्रातला ओंकार गोंड हा विद्यार्थी २०२४ मध्ये डॉक्टर होऊ पाहत होता. त्याला बोलण्यात अडचण, ती ४० टक्क्यांहून अधिक. नियम म्हणत होता, एवढी टक्केवारी असेल तर एमबीबीएसला अपात्र. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. न्यायालयाने वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवली. हा मुलगा शिक्षण पूर्ण करू शकतो, असे मंडळाने सांगितले आणि त्याला प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या सविस्तर निकालाचे सार असे की केवळ टक्केवारी पाहून कुणाला अपात्र ठरवू नका. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, ते तपासा.

त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचे प्रकरण आले होते. तिला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यात अडचण. नीट परीक्षेत हक्काचा जादा तास तिला केंद्रावर दिलाच नाही, पेपर काढून घेतला. न्यायालयाने पुन्हा परीक्षा घ्यायला लावली नाही, पण झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करायची ते ठरवा, असे परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला बजावले. त्याच वर्षी फेब्रुवारीत विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितले गेले की लेखनिक फक्त ४० टक्क्यांच्या वरच्यांनाच, असा आग्रह धरता येणार नाही. लिहिता येत नसेल तर लेखनिक मिळाला पाहिजे.

मला या तिन्ही निकालांत एक साधी गोष्ट दिसते. ‘हिला काय जमत नाही?’ हा आपला नेहमीचा प्रश्न. त्याऐवजी ‘हिला जमावे म्हणून काय लागेल?’ असे विचारायचे. दहावीच्या वर्षी मी हा दुसरा प्रश्न विचारला असता, तर दोन कोरे प्रश्न भरले असते.

आपल्या घरचाच धडा

आणि हा प्रश्न आपल्याला कोर्टाकडून शिकावा लागावा, हेच खरे तर नवल. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) हे नेत्रहीन सहाबी आपल्याला माहीत आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते दीन शिकायला आले. त्या प्रसंगी सूरह अबस अवतरली आणि शिकण्याच्या ओढीने स्वतः चालत आलेल्याकडे दुर्लक्ष होऊ नये, ही शिकवण कायमची कोरली गेली. पुढे हेच सहाबी हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर मदिनेत अजान देत. प्रेषित (स.) मदिनेबाहेर जात तेव्हा अनेकदा मागे शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. त्यांच्यावर दया नाही दाखवली, त्यांना काम दिले, अधिकार दिला.

जवळच्या काळातले उदाहरण इजिप्तच्या ताहा हुसैन यांचे. जन्म १८८९ चा. लहानपणी डोळे आले, चुकीचा इलाज झाला आणि दृष्टी गेली. १९०२ मध्ये ते अल-अजहरमध्ये शिकायला गेले. १९१४ मध्ये कैरोच्या नव्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट त्यांना मिळाली, नंतर पॅरिसहून दुसरी. त्यांची पत्नी सुझान त्यांना पुस्तके वाचून दाखवीत. १९५० मध्ये ते देशाचे शिक्षणमंत्री झाले आणि गरिबांच्या मुलांना मोफत शिक्षण मिळावे म्हणून झटले. ताहा हुसैन यांना कुणीतरी वाचून दाखवले, म्हणून लाखो मुले वाचू शकली.

खर्च किती आला?

आता पुन्हा आमच्या मुलीकडे येते. फॉर्मवर ‘होय’ लिहिले. प्रवेश मिळाला. पहिले दोन महिने कठीण गेले. फळ्यावरचे दिसत नव्हते, जिना चढताना ती दोनदा पडली. मग मी आणि ती प्राचार्यांना भेटलो. सोबत एक कागद नेला होता. काय लागते ते तिनेच पाच ओळींत लिहिले होते.

प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला. तिचा वर्ग तळमजल्यावर आला. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवला गेला. त्याचा फायदा पावसाळ्यात सगळ्यांनाच झाला. प्राध्यापकांना विनंती केली की फळ्यावर लिहिताना ते तोंडाने बोलावे. त्यांनी मानले आणि मागच्या बाकावरची मुलेही खूश झाली. तिला पहिल्या बाकावर खिडकीजवळ जागा मिळाली. परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा मिळाली. पिवळ्या रंगाचा डबा सोडला तर या सगळ्याला पैसे लागले नाहीत.

एक अडचण मात्र आम्हा शिक्षकांच्या सवयीची निघाली. व्हॉट्सॲपवर नोट्स येत, त्या हस्तलिखिताचे फोटो किंवा स्कॅन केलेले पीडीएफ असत. मोबाइलमधले टॉकबॅक किंवा संगणकावरचे एनव्हीडीए ही दोन्ही साधने फुकट आहेत आणि मराठी वाचून दाखवतात. पण ती युनिकोडमध्ये टाइप केलेले वाचतात. फोटोतले अक्षर त्यांच्यासाठी फक्त चित्र असते. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायलींचीही तीच गत आणि आमच्या उर्दूच्या इनपेजमधल्या फायलींचीही. मीच वर्षानुवर्षे अशा फायली मुलांना पाठवत आले! आता मी युनिकोडमध्ये टाइप करते. शिक्षक बंधु-भगिनींना माझी एवढीच विनंती: नोट्स मजकूर म्हणून पाठवा, चित्र म्हणून नको. आणि ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्याची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना द्या.

पालकांनी काय करावे?

सर्वांत आधी युडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड काढा. अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे आणि ८० किंवा वर निळे कार्ड मिळते. हे काम बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच करा, हेलपाटे पडतात. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, तीही याच्यामुळे मिळते.

दुसरे, शिष्यवृत्ती. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. अर्जाची मुदत चुकवू नका.

तिसरे, कॉलेजला जे मागाल ते लेखी मागा आणि एका प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. लेखनिक आणि जादा वेळ यांसाठी परीक्षेच्या आधी, सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज द्या. दाद लागलीच नाही तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते.

आणि चौथे, मागणी लिहिण्याचे काम मुलाला करू द्या. आपण सोबत जाऊ, पण बोलू दे त्याला.

मोहल्ल्याचा वाटा

रमजानमध्ये आपल्याकडे दिलदारीला तोटा नसतो. व्हीलचेअर, पांढरी काठी, शिलाई मशीन वाटले जाते. अल्लाह ते कबूल करो. पण दिव्यांग विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट हवी असते आणि ती बाजारात मिळत नाही. तो म्हणजे तुमचा वेळ. शुक्रवारी नमाजनंतर कुणी तासभर पुस्तक वाचून रेकॉर्ड करून दिले, परीक्षेला लेखनिक म्हणून बसले, सकाळी एसटीपर्यंत सोबत केली, तर ती मदत व्हीलचेअरपेक्षा कमी नाही. आणि मस्जिद, मदरसा, शादीहॉल बांधताना वजूखान्यापर्यंत बारा फुटांचा उतार ठेवायला कोणता कायदा हवा?

सगळे सुरळीत झाले असे सांगून मी हा लेख संपवू शकत नाही. नोव्हेंबरपासून लवकर अंधार पडतो आणि अंधारात आमच्या मुलीला काहीच दिसत नाही. शेवटचा तास करून निघाले की थांब्यावर पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मागचा हिवाळाभर तिने तो तास सोडला. मग वर्गातल्या दोन मैत्रिणींनी, एक आदिवासी पाड्यावरची आणि एक आगऱ्यांची, ठरवले की तिघींनी मिळून तो तास करायचा आणि हिला एसटीत बसवूनच घरी जायचे. शेणव्याच्या थांब्यावर अब्बा बॅटरी घेऊन उभे राहतात. ज्या दिवशी त्यांची भिवंडीची फेरी लांबते, त्या दिवशी तास बुडतोच. कॉलेजला आम्ही वेळापत्रक बदलण्याचा अर्ज दिला आहे. उत्तर यायचे आहे.

या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला मी गेले नाही, मला सुट्टी नव्हती. संध्याकाळी ती फॉर्मची झेरॉक्स घेऊन घरी आली. तिच्या अब्बांचे अक्षर वेडेवाकडे आहे, ते चटकन ओळखू येते. नाव तिने लिहिले होते, पत्ता तिने लिहिला होता. फक्त एका रकान्यात अक्षर त्यांचे होते. ‘होय.’